गाविलगड आणि पायथ्याच्या विहिरी

अचलपूर-परतवाड्याकडील शेतात उभे राहून उत्तरेस पाहिले असता सातपुड्याची जी निळसर रांग दिसते, तिच्या माथ्यावर चिखलदरा हे गाव व त्यालगत गाविलगड किल्ला वसला आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० फूट. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हे स्थळ पाहिले असेल. परंतु आपल्या शेताचा व त्या गडाचा संबंध किती निकटचा आहे, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून हा लेख.

प्रथम इतिहास. गवळी राजांनी हा गड मूळ वसविला, अशी परंपरा आहे. पक्की तटबंदी बहामनी सुलतान अहमदशहा वली याने इ. स. १४२५-२६ च्या सुमारास बांधविली, असे फिरिश्ता सांगतो. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादुल्मुल्क याने तिचा जीर्णोद्धार केला. हा पुरुष मूळचा विजयनगरकडील ब्राह्मण कुळातला. लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला. गडाच्या शार्दूल दरवाजावर सिंह, हत्ती व दुमुखी गंडभेरुंड पक्षी कोरलेले आहेत. गंडभेरुंड हे कर्नाटकाकडील राजचिन्ह. तेव्हा धन्याच्या जन्मभूमीची आठवणच त्या दगडात उमटली, असा तर्क करण्यास हरकत नाही. आत उंचवट्यावर मोठी मशीद असून तिच्या कमानी व मनोऱ्यावरील दगडी जाळीचे काम भग्नावस्थेतही प्रेक्षणीय आहे.

१५७४ मध्ये इमादशाही बुडाली. पुढे निजामशाही, मोगल व नागपूरकर भोसले असे धनी बदलत गेले. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी गड घेतला. दक्षिणेचा कडा दुर्गम. म्हणून स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढीत तोफा उत्तरेकडे नेल्या. तेथे शेजारच्या पठाराची जमीन गडाला जवळ येते. त्या बाजूचा तट फुटला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

आता गडाकडे शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहू. आत अनेक तलाव आहेत. पाण्यावाचून तट व्यर्थ, हे जुन्या बांधणाऱ्यांनी पुरते ओळखले होते. माथ्यावर पडणारा पाऊस मैदानापेक्षा पुष्कळच अधिक असतो. त्याचे पाणी दोन दिशांस जाते. उत्तरेकडील सिपना व गाडगा तापीस मिळतात. चंद्रभागा, सापन, बिचन या नद्या दक्षिणेस उतरून पूर्णेच्या खोऱ्यात येतात.

दक्षिणेस उतरताना या नद्या आपल्याबरोबर आणलेले धोंडे, गोटे व वाळू पायथ्याशी टाकतात. हजारो वर्षांत त्यांचा जाड थर साचला आहे. या भरड थरात पाणी झपाट्याने मुरते, व तेच अचलपूर-अंजनगाव-अकोटच्या विहिरींस आणि संत्र्याच्या बागांस मिळते. त्याच्या खाली, पूर्णेकाठी, जमीन चिकण व सपाट होते; भूगर्भातील पाणी खारे लागते. हाच आपला खारपाणपट्टा. तेथील गावांची तहान शहानूर व वान या प्रकल्पांचे पाणी भागविते, आणि तेही डोंगरातूनच येते.

यावरून एक गोष्ट उघड होते. पायथ्याचा थर म्हणजे सामाईक कोठार होय. एकाने बोअर खोल नेली म्हणजे कोठार वाढत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचा वाटा मात्र कमी होतो. भर घालणारा पाऊस डोंगरावर पडतो. पण तो मुरण्यास माथ्यावर झाडी व उतारावर अडथळा लागतो. उतार उघडा पडला की पाणी पूर होऊन वाहून जाते, आणि चैत्रात विहीर तळ दाखविते.

तेव्हा आमची शेतकरी बंधूंस सूचना अशी. प्रत्येकाने आपल्या विहिरीची पातळी दरमहा दोरीने मोजून वहीत लिहावी. गावाने नाल्यांवर बांध घालून त्यातील गाळ उन्हाळ्यात काढावा. बागेचे क्षेत्र वाढविण्यापूर्वी वैशाखातील पातळी पाहावी. डोंगरावरील वृक्षतोड हा वनखात्याचाच प्रश्न नसून आपल्या मोटेचा व पंपाचा प्रश्न आहे, हे ध्यानी ठेवावे.

तोफांपुढे गड पडला तो त्याच्या कमजोर बाजूने. आपल्या शेतीची कमजोर बाजू पाणी आहे. पहारा तेथेच हवा.