चेहऱ्याची डागडुजी (भाग ५) : सूज दिवसांची, बधिरपणा महिन्यांचा

हनुवटी, गाल आणि जबड्यात बसवायच्या इम्प्लांटचे प्रकार गेल्या आठवड्यात पाहिले. ऑपरेशननंतर पेशंट दोन तक्रारी एका दमात सांगतो : सूज आणि बधिरपणा. पण दोन्हींची कारणे वेगळी आणि काळजीही वेगळी.

सूज म्हणजे जखमेभोवती रक्तवाहिन्यांतून पाझरलेले पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते. ‘इम्प्लांट फारच मोठे बसवले की काय’ असे आरशापुढे वाटते ते याच दिवसांत. दोन-तीन आठवड्यांत बरीचशी ओसरते, उरलेली सावकाश काही महिन्यांत जाते. आडवे झाल्यावर पाणी चेहऱ्याकडे येते, म्हणून सकाळी चेहरा जास्त सुजलेला दिसतो. उपाय साधे आहेत. झोपताना डोके उंच ठेवा. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेल्या बर्फाने थोडा थोडा वेळ शेका. पापड-लोणचे आणि जड उचलणे काही दिवस बंद. तंबाखू, मिश्री, गुटखा तर पूर्ण बंद, कारण त्याने जखमेचा रक्तपुरवठा आटतो.

बधिरपणा मज्जातंतूंचा. खालच्या जबड्यातल्या बारीक भोकातून एक तंतू बाहेर येऊन खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शज्ञान देतो. इम्प्लांटसाठी जागा करताना तो ताणला जातो. नुसता ताणलेला तंतू बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो. तुटलेला मात्र दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, आणि कधी थोडी बधिरता कायम राहते. मध्येच मुंग्या आल्या, चमका निघाल्या तर बहुतेकदा तंतू जागा होतो आहे असे समजावे.

तंतू आणि स्पर्श यांचे नाते समजायला पुण्यातले एक जुने ऑपरेशन उपयोगी पडते. टिपूविरुद्धच्या १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेकडचा मराठा गाडीवान कावसजी पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्यात एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक केले. १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही कृती छापून आली. सांधा कात लावलेल्या चिंध्यांनी बसवायचा, चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी ठेवायची आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी कापायची. अशी पट्टी जोडलेली असेपर्यंत नव्या नाकाला बोट लावले की पेशंटला ते कपाळावर जाणवते, कारण तंतू अजून कपाळाचेच असतात. पट्टी कापली की नाक बधिर होते आणि आजूबाजूचे तंतू आत शिरले की हळूहळू शुद्धीवर येते.

नाक घडवण्याची ही विद्या सुश्रुतसंहितेतही आहे, आणि सुश्रुत हा काशिराज दिवोदासाचा शिष्य अशी परंपरा. पण काशी आज आपल्याला वेगळ्याच कारणाने गाठावी लागते, आणि सुतक काही ऑपरेशनची तारीख बघून येत नाही. हनुवटीचे टाके ओले असताना मणिकर्णिका घाटावर उभे राहायची वेळ आली तर? तिथे चिता अहोरात्र जळतात. बधिर कातडीला धग कळत नाही, म्हणून अंतर डोळ्यांनी मोजावे. क्षौर करताना वस्तरा हनुवटीवरून फिरला तर काप गेल्याचेही समजणार नाही, तेव्हा आधीच न्हाव्याला सांगून ठेवावे. टाके तोंडाच्या आत असतील तर गंगाजल तोंडात घेऊ नये आणि जखम भरेपर्यंत बुडी मारू नये. इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर ते काढावेही लागते. कुल्हडमधला चहा ओठांना लावण्याआधी बोटाने चाचपून पाहावा. हाच नियम घरच्या गरम आमटीलाही लागू, आणि बर्फालाही : बधिर कातडी गारठ्यानेही भाजते.

डॉक्टरांकडे लगेच धाव कधी घ्यायची? एकाच बाजूची सूज काही तासांत वाढून टणक झाली, तर आत रक्त साठले असण्याची शक्यता असते. ओसरलेली सूज लाली, ताप किंवा पू घेऊन परतली, तर संसर्गाची शंका घ्यावी. श्वास अडू लागला किंवा गालाच्या ऑपरेशननंतर दिसणे अंधूक झाले, तर सकाळची वाट पाहू नये.

(पुढील आठवड्यात : इम्प्लांट जागचे सरकले तर?)