कोतवाल बुकात सापडणारं घराणं

घराण्याचा इतिहास म्हटला की छापील कुलवृत्तांत आठवतो. चित्पावन घराण्यांनी विसाव्या शतकात असे जाडजूड ग्रंथ काढले. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुणबी, माळी, तेली, आंध, बंजारा, गोंड किंवा बौद्ध घरांपैकी फार थोड्यांच्या कपाटात असा ग्रंथ मिळेल. त्यामुळे ‘आपलं कुठं काय लिहून ठेवलंय’ असं म्हणून माणसं विषय सोडून देतात. ही समजूत मोडायला हवी. सरकारला शेतसारा हवा होता, जन्ममृत्यूची मोजदाद हवी होती. त्या गरजेपोटी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साध्या शेतकऱ्याचं, मजुराचं नाव तहसिलीच्या दप्तरात गेलं. ते शोधता येतं, फक्त क्रम चुकवू नये.

पहिली पायरी कागदाची नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ, शक्यतो बाईजवळ बसा. ‘आपला मूळ पुरुष कोण’ असं विचारू नका. त्यावर एक तर मौन येतं किंवा कुठल्यातरी राजाचं नाव. त्याऐवजी तुमचं माहेर कोणतं, आत्या कोणत्या गावी दिली, कोणतं वावर कधी विकलं, कुलदैवत कुठं, हे विचारा. वावरांची नावं लिहून घ्या, पुढे सर्व्हे नंबर जुळवताना तीच कामाला येतात. साल आठवत नसेल तर प्रसंग विचारा. १९१८ च्या मानमोडीच्या साथीआधी की नंतर? ७२ च्या दुष्काळात आजोबा होते का? उत्तर आलं तसं, बोलणाऱ्याच्या शब्दांत आणि तारखेसह टिपा. दोन म्हाताऱ्यांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही ठेवा.

मग आजच्या सातबाऱ्यापासून मागे चला. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. त्यांतला वारस फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, हौशी संशोधकाला मिळणारा सर्वांत चांगला कागद आहे. खातेदार मेला की त्याची मृत्यूची तारीख, वारसांची नावं, नातं आणि बहुधा वयं एका जागी येतात. एक फेरफार म्हणजे एक पिढी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत लेकीही दिसू लागतात, पुष्कळदा लगेच पुढच्या हक्कसोडपत्रात नाहीशा होण्यासाठी. त्याआधीच्या नोंदी वाचल्या तर वाटावं, या गावात फक्त मुलगेच जन्मत होते.

फेरफारांची साखळी तुटली की १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी मागायची. तिच्याही मागे भूमी अभिलेख कार्यालयातलं शेतवार पत्रक आणि हक्क नोंदणी पत्रक. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीची रयतवारी मोजणी १८६० च्या दशकात सुरू झाली, तेव्हापासून वावराला नंबर आणि नंबराला खातेदार आहे. एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला. तिथे जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घालावा, नाहीतर परक्याच्या वावरात आपले पणजोबा शोधत बसाल.

जमीन नसलेल्या घरांनी इथे थांबू नये. त्यांच्यासाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, कोतवाल बुक आहे. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवालामार्फत नोंद व्हायची. त्या वह्यांची नक्कल तहसिलीच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून मिळते. मात्र तिथे काय दिसणार हे आधी माहीत असावं. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, बस. आडनावही क्वचितच. ‘सखाराम वल्द गणपत’ म्हणजे गणपतचा मुलगा सखाराम. बाईच्या नावापुढे ‘जौजे’ असेल तर ती अमक्याची बायको, ‘बेवा’ असेल तर विधवा. मृत्यूच्या कारणात पटकी, देवी आणि सर्वांत जास्त वेळा नुसता ‘ताप’.

तर समजा, ‘सखाराम, मुलगा’ अशी नोंद सापडली. तो सखाराम तुमचाच कशावरून? आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला देतात, म्हणून एकाच घरात सखाराम गणपत आणि गणपत सखाराम आलटून पालटून येतात, आणि शेजारच्या भावकीतही तेच. इथे घाई करणाऱ्याची वंशावळ बिघडते. एका नोंदीवर विसंबू नका. त्या बापाच्या नावावरची दहा-पंधरा वर्षांतली सगळी अपत्यं उतरवा, मग शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखांशी ताडून पाहा, शेवटी वारस फेरफारातल्या भावंडांशी. तीन कागद एकाच घराकडे बोट दाखवतील तेव्हाच नाव पक्कं करा. शाळेतली जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने घातलेली असू शकते. ती वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरावी.

जनगणनेच्या घरवार याद्यांची आशा ठेवू नये. इंग्लंडमध्ये १९२१ च्या खानेसुमारीचे घरोघरचे तक्ते २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आपल्याकडे तसे तक्ते जपलेच गेले नाहीत. अपवाद १९५१ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीचा. ती जिथे शिल्लक आहे तिथे जरूर पाहावी.

कागद कोणत्या गावी मागायचा हा प्रश्न यवतमाळात अवघडच. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०३ पर्यंत कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली होता, मग मध्य प्रांताशी जोडणी झाली. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. म्हणून वरच्या पातळीवरची दप्तरं मुख्यतः नागपूरच्या पुराभिलेखागारात शोधावी लागतात. १९०५ पर्यंत जिल्ह्याचं नाव वणी होतं आणि पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. पैनगंगेपलीकडची सोयरीक असेल तर तिकडचे कागद निजामी, उर्दूतले, फसली सनाचे. त्या सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, शकात ७८. मोडीतला कागद हाती आला तर जाणकाराकडे जा, पण अक्षरओळख स्वतःही करून घ्या. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे नावाचा अंदाज आधी असेल तरच ते पटकन वाचता येतं.

आडनावावर फार भरवसा ठेवू नये. वसंतराव नाईकांचा जन्म १९१३ मध्ये पुसदजवळच्या गहुलीचा. त्यांचे आजोबा चतुरसिंग राठोड. तांड्याच्या नाईकपणावरून घराणं नाईक झालं. मुख्यमंत्र्यांच्या घरात जे झालं ते शेकडो घरांत झालं आहे. उलट काही आडनावं वाट दाखवतात. वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या ‘वार’ने संपणाऱ्या अनेक घरांचं मूळ तेलुगू मुलखात निघतं.

कागदाशिवायही वंशावळी जपणारे लोक आहेत. गोंड घराण्यांच्या कुळकथा परधान किंगरीवर गात आले. काही समाजांचे भाट पोथी घेऊन येतात. त्र्यंबकेश्वर, काशी, गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या पूर्वजाची नावनिशी असू शकते. माझ्या मते भाटाच्या पोथीतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या तपासून घेण्याजोग्या असतात. त्यावरच्या पिढ्या थेट सूर्यवंशाला भिडतात, त्या आदराने ऐकाव्या आणि वेगळ्या लिहाव्या. कोलाम पोडावरच्या घरांना कागद सर्वांत कमी. तिथे म्हाताऱ्यांचं बोलणं हाच आधार, आणि तो हलका समजू नये. वनहक्क कायद्याच्या नियमांतही वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे.

बहुतेक घरं या शोधाला लागतात ती जात पडताळणीच्या धास्तीने. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांआधीचा कागद शोधता शोधता कितीतरी मुलांना पणजोबांचं नाव पहिल्यांदा कळलं. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधल्या गेल्या तेव्हा महसुलाबरोबरच तुरुंग, पोलीस, उत्पादन शुल्क आणि दुय्यम निबंधकांच्या नोंदवह्याही चाळल्या गेल्या. ती यादी कोणत्याही जातीच्या संशोधकाने हाताशी ठेवावी, इतकी उपयोगी आहे.

या वह्या चाळताना सुखद तेवढंच सापडेल असं नाही. गहाणखत निघेल, आठवड्याभरात मेलेली तीन लेकरं निघतील, घरात कुणीच ज्याचं नाव घेत नाही असा भाऊ निघेल. पाटीलकी ऐकत आलेल्या घराला पूर्वज सालदार होते असं कळेल. मला सालदार पूर्वज कमी मोलाचा वाटत नाही. त्याच्या राबण्यावर तर घर उभं राहिलं. पण ज्यांना दुखेल त्यांच्याशी आधी बोला, मगच वंशावळ नातेवाइकांत वाटा.

प्रत्येक नावापुढे ते कुठून आलं हे लिहा: कोणतं दप्तर, कोणतं साल, कोणी सांगितलं. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. आणि बायकांचे रकाने मोकळे सोडू नका. आजीच्या आईचं नाव बहुधा कोणत्याच फेरफारात मिळणार नाही. आजी असेल तर ते आजच विचारा, तिच्या माहेरच्या गावासकट.