सेकंदाला २५ हजार

हे वाक्य वाचताना तुमची पापणी लवली असेल. मिटण्याचा हुकूम मज्जातंतूनं दिला. पण तो रद्द कोणी केला?

१९२१ साली शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याचा मज्जातंतू चेतवून त्याचे ठोके मंद केले आणि त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्यात सोडलं. दुसऱ्याला मज्जातंतूवाटे कोणी चेतवलं नव्हतं, तरी तेही मंदावलं! मज्जातंतू चक्क रसायनातून बोलत होता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. स्नायूला हलवणारं, लाळ सोडवणारंही तेच. पण काम झाल्याक्षणी ते नष्ट व्हायला हवं. त्यासाठी शरीरात एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे सुमारे २५,००० रेणू तोडतो!

आता यवतमाळच्या कपाशीत चला. पाठीवर पंप, हातात नोझल. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशक औषधं नेमकी या विकराला चिकटतात आणि त्याला निकामी करतात. अळी मरते ती यामुळेच. पण अळीचं विकर आणि माणसाचं विकर यांच्यात इतकं साम्य, की विषाला दोघं सारखीच! मग ॲसिटिलकोलिन तुटत नाही आणि घंटीच्या बटणावरचं बोट निघतच नाही, अशी गत होते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, छाती घरघरते, पापण्या फडफडतात आणि अखेर श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

२०१७ मध्ये या जिल्ह्यात फवारणी करणारे शेकडो जण दवाखान्यात पोचले, २० हून अधिक दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागली होती. फवारा थेट तोंडावर यायचा. विष पिण्याची गरजच नसते, भिजल्या सदऱ्यातून ते कातडीत मुरतं. ‘मास्क का नाही लावला?’ असं विचारणाऱ्यानं विदर्भातल्या ऑक्टोबरच्या उन्हात प्लॅस्टिकचा अंगरखा घालून तासभर पंप मारावा. दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला मुळीच पटत नाही.

आणि उतारा कुठून आला? दुसऱ्या एका विषातून! बेलाडोना या विषारी झाडातलं ॲट्रोपीन ॲसिटिलकोलिनची जागा अडवून बसतं. लाळ आटते, छाती मोकळी होते. महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यातही ते असतं, म्हणूनच धोतरा खाल्ला तर जिवावर बेततं. हा उतारा डॉक्टरांनीच मोजून द्यायचा. पॅम नावाचं दुसरं औषध तर अडकलेलं विष विकरावरून उपटून काढतं, पण वेळेत मिळालं तरच. उशीर झाला की ती पकड कायमची घट्ट होते, आणि शरीराला नवं विकर घडवायला कित्येक आठवडे लागतात.

म्हणून फवारताना कोणाला मळमळलं, अंधारी आली, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सावलीत निजवू नका. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि तडक दवाखाना गाठा. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव डॉक्टरांना दाखवा.