दोन मिनिटांचा विमानमार्ग

दोन गांवांमधील अंतर आणि वाहनाचा वेग ठाऊक असला म्हणजे प्रवासाचा काळ काढणें शाळेंतील मुलालाही साधतें. अंतराला वेगानें भागिलें कीं उत्तर तयार! परंतु विमानाचा प्रवास हें गणित निमूटपणें मान्य करीत नाहीं. याची साक्ष पटविणारा एक विमानमार्ग स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी द्वीपसमूहांत आहे.

वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे हीं तेथील दोन शेजारी बेटें. त्यांच्या विमानतळांमधील अंतर अवघें २.७ किलोमीटर, मुंबईच्या विमानतळावरील सर्वांत मोठी धावपट्टीदेखील याहून लांब आहे! १९६७ सालीं लोगनएअर कंपनीनें येथें विमानांची ये-जा सुरू केली. जगांतील सर्वांत लहान नियमित विमानप्रवास म्हणून याची ख्याति आहे. वेळापत्रकांत त्याला दोन मिनिटें दिलेलीं असतात.

या मार्गावरील ‘आयलंडर’ जातीचें विमान दोन पंख्यांचें असून त्यांत एक वैमानिक आणि सुमारें आठ उतारू बसतात. आकाशांत त्याचा वेग ताशीं सुमारें २४० किलोमीटर धरला, तर हें अंतर चाळीस सेकंदांत तुटावयास हवें. प्रत्यक्षांत आजवरचा प्रसिद्ध उच्चांक ५३ सेकंदांचा आहे, आणि एरव्हीं मिनिटभराहून अधिक वेळ लागतो. असें कां व्हावें?

याचें कारण असें कीं, विमानाला पूर्ण वेग एकदम येत नाहीं. जमीन सोडल्यावर तें चढत जातें, आणि उतरावयाचें तर वेग पुन्हां आवरावा लागतो. दूरच्या प्रवासांत ही चढ-उतार एकूण वेळांत लपून जाते. येथें मात्र सारा प्रवासच चढ-उतारीचा! शिवाय विमान शक्यतों वाऱ्याकडे तोंड करूनच उडतें आणि उतरतें. वारा मार्गाच्या दिशेशीं जुळला तर तें सरळ जातें. न जुळला तर त्याला वळसा घ्यावा लागतो, आणि अंतर तेंच असूनही वेळ वाढतो.

मग एवढ्याशा अंतरासाठीं विमान हवें तरी कशाला? या दोन बेटांमध्यें होडीही चालते व ती सुमारें पंचवीस मिनिटांत पोंचविते. परंतु हीं दोन मिनिटें एका मोठ्या प्रवासाचा तुकडा आहेत. ऑर्कनीचें मुख्य शहर कर्कवॉल. मोठें रुग्णालय तेथें, मोठी शाळा तेथें. कर्कवॉलहून वेस्ट्रेला जहाजानें जावयास सुमारें दीड तास लागतो. विमानानें पंधरा मिनिटें पुरतात. तेंच विमान वाटेंत दोन्ही बेटांना स्पर्श करितें.

पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आसपास. एवढ्या थोड्या उतारूंच्या भाड्यांतून विमानाचा खर्च निघणें शक्य नाहीं. म्हणून ऑर्कनीचें स्थानिक शासन त्यास द्रव्यसाहाय्य देतें. व्यापाराच्या दृष्टीनें हा तोटा खरा. परंतु जेथें पांच हजार वर्षांहून जुनीं दगडी घरें अद्याप उभीं आहेत, त्या बेटावर पुढेंही माणसानें राहावें असें वाटत असेल, तर आजाऱ्याला वैद्य आणि मुलाला विद्या वेळेवर मिळालीच पाहिजे.

नकाशावरील अंतर पट्टीनें मोजतां येतें. माणसाला जाणवणारें अंतर मात्र गरजेच्या वेळीं मदत किती लवकर पोंचते, यावरूनच ठरतें.