न पेटवितां पेटणारा अग्नि

आमच्या लहानपणीं ओल्या गवताची गंजी रचूं नये, असें वडील मंडळी बजावीत. गंजीस कोणी काडी लावीत नसे. तरी ओलें गवत आंतून तापे, धुमसे, आणि एखादे दिवशीं सबंध गंजी पेटून उठे. पुढें आमचा नातू रसायनांच्या कारखान्यांत नोकरीस लागला. त्याच्या तोंडून ‘सेंद्रिय पेरॉक्साइड’ हें नांव ऐकलें व त्याचे गुणधर्म समजले, तेव्हां आम्हांस त्या गंजीचें स्मरण झालें.

प्लॅस्टिक व रबर तयार करतांना हीं द्रव्यें लागतात. त्यांच्या रेणूंत ऑक्सिजनचे दोन अणु एकमेकांस जोडलेले असतात आणि हा सांधा फार कच्चा असतो. किंचित् ऊब लागतांच तो तुटतो व उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेनें आणखी सांधे तुटतात. बाहेरच्या ठिणगीची येथें गरजच नाहीं.

मग हें द्रव्य नेहमींच कां पेटत नाहीं? याचें गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनॉव्ह यांनीं १९२८ मध्यें मांडलें. तपमान दहा अंश चढलें कीं उष्णतेची उत्पत्ति दुपटी-तिपटीनें वाढते. तिचा निचरा मात्र त्या वेगानें वाढत नाहीं. निचरा मागें पडला कीं अनर्थ ओढवतो. वाटींतला भात लवकर निवतो, पंगतीच्या पातेल्यांतला निवत नाहीं, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. कारखान्यांतील प्रचंड पात्राची हीच अडचण. त्यांतील ढवळणी थांबली किंवा भोंवतीं खेळणारें थंड पाणी बंद पडलें, तर घटकाभरांत सर्व आटोक्याबाहेर जातें. म्हणूनच पेरॉक्साइड थोडें थोडें सोडणें, थंड पाण्याची दुसरी सोय राखणें व वाफेस मोकळी वाट ठेवणें, हे नियम कसोशीनें पाळावे लागतात.

सांठवणींतही धोका तोच. २०१७ च्या ऑगस्टांत ‘हार्वे’ चक्रीवादळानें अमेरिकेच्या टेक्सास प्रांतांत महापूर आणला. क्रॉस्बी येथील आर्केमा कंपनीच्या कारखान्यांत वीज गेली आणि राखीव यंत्रेंही निकामी झालीं. कामगारांनीं शीतगृहांतील पेरॉक्साइडें शीतयंत्रें बसविलेल्या नऊ ट्रेलरांत हलविलीं. पण पाणी चढत गेलें व त्यांनाही तेथून निघावें लागलें. ३१ ऑगस्टला पहिला ट्रेलर आपोआप पेटला. दीड मैलाच्या टापूंतील दोनशेंहून अधिक रहिवाशांस घरें सोडावीं लागलीं. एकवीस जणांस वैद्यकीय मदत घ्यावी लागली. उरलेले ट्रेलर अखेर ३ सप्टेंबरला मुद्दाम जाळून टाकण्यांत आले. कोणी दगावलें नाहीं, हें सुदैव.

थंडी राखणारे पहारेकरी तेथें पुष्कळ होते. परंतु सर्व एकाच पुराच्या पाण्यांत उभे होते! चूक झाली ती येथें.

हें दूरदेशचें वृत्त म्हणून सोडून देतां येत नाहीं. २३ मे २०२४ रोजीं डोंबिवलीस पेरॉक्साइडें हाताळणाऱ्या एका कारखान्यांत भीषण स्फोट झाला व दहांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. आपलीं मुलेंबाळें अशा ठिकाणीं रोज कामास जातात. सायंकाळीं तीं घरीं आलीं म्हणजे पगाराची चौकशी आपण करतोंच, त्यासोबत एवढेंही विचारावें कीं, “बाबा, वीज गेली तर तुमच्याकडे थंडी कोण राखतो? आणि तोही अडला तर?” आमच्या नातवास पहिल्या दिवशीं याचें उत्तर देतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो तें विचारून आला.