‘तसलं’ काही नाही ना?

2018च्या मे महिन्यात धोंड्याचा महिना आणि रमजान एकदमच आले. बीड जिल्ह्यातल्या आमच्या कडा गावात इकडे जावयांना वाण द्यायची गडबड, तिकडे इफ्तारची. लग्नं दोन्हीकडे थांबलेली. म्हणूनच की काय, आम्ही बाया मोबाइलवर लग्न बघत बसायचो.

मालिका पाकिस्तानची, उर्दू : ‘सुनो चंदा’. मरणाच्या दारातल्या आजोबांच्या इच्छेखातर दोन नातवंडांचा निकाह लागलेला. आता रुखसतीची, म्हणजे पाठवणीची, वेळ आली तर दोघंही नाही म्हणतात आणि भांडता भांडता एकमेकांत गुंततात. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेले, घरातले जमिनीचे जुने कागदही उर्दूतलेच. त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण होती माझ्या नऊ वर्षांच्या नातीची. एका संध्याकाळी तीही मान लांब करून बघायला लागली. मी शेजारच्या भाभींना विचारलं,

“भाभी, ह्यात तसलं काही नाही ना?”

“नाही बाई, हात बी धरत नाहीत.”

आपल्या घराघरांतलं सेन्सॉर बोर्ड या ‘तसलं’ शब्दावरच चालतं. सरकारी बोर्डाचा कारभार जरा मोठा. सिनेमाला ‘यू’ मिळालं तर सगळ्यांनी बघावं, ‘ए’ मिळालं तर अठराच्या खालच्यांना थिएटरात प्रवेश नाही. मधलं ‘यूए’ 1983पासूनचं; बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही, ते पालकांनी ठरवावं. 2023च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे झाले. पण हा पालकांना सल्लाच. दारावरचा माणूस त्यासाठी मुलाला अडवत नाही. सिनेमा दाखवण्याआधीच असं सेन्सॉर असावं का, हा वाद सुप्रीम कोर्टात नेला तो उर्दूतल्याच एका लेखकाने, ख्वाजा अहमद अब्बास यांनी. ‘चार शहर एक कहानी’ या त्यांच्या माहितीपटात मुंबईतली वेश्यावस्ती दिसते म्हणून बोर्ड ‘यू’ देईना. 1970मध्ये कोर्टाने सेन्सॉर आणि वयाप्रमाणे वर्गवारी, दोन्ही योग्यच ठरवलं.

ओटीटीवाल्यांनी आपल्या कार्यक्रमांना वयोगट स्वतःच लावायचा, असा नियम 2021मध्ये आला. त्यातली यादी मी चष्मा लावून वाचली. शिवीगाळ, हिंसा, नग्नता, लैंगिक दृश्यं, दारू-तंबाखू हे अपेक्षितच होतं. पण भेदभाव आणि मुलं अनुकरण करतील असं वागणं, हेही त्यात आहे. ‘तसलं’ म्हणताना आपण यातलं निम्मंसुद्धा धरत नाही. ठरवून केलेल्या लग्नाच्या विनोदी गोष्टीत खरी मेख याच दोन ठिकाणी असते. मुलीच्या रंगावरून टोमणा, हुंड्याची थट्टा, ‘नाही’ म्हणणारीला लाजाळू समजणं. यातलं काहीच अंगाला हात लावून होत नाही, सगळे हसतात, आणि पोर शेजारी बसून शिकत असते.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. पोरगी घरी एकटी ठेवायची भीती आणि जोडी लागली की मिळणारी उचल, यापायी कितीतरी लग्नं घाईने उरकतात. कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षं पुरी लागतात. तरी 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या तरुण बायकांपैकी शंभरातल्या चाळिसांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. मला त्यासाठी पाहणीची गरज नव्हती. शाळेत शिकवत होते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना कुठलं नाव गळणार, ते आधीच कळायचं. सिनेमाचा वयोगट बघणाऱ्याचं वय मोजतो. गोष्टीतल्या नवरीचं वय घरातल्या कुणीतरी विचारायचं असतं.

त्या संध्याकाळी ते मी विचारलंच नव्हतं. नात म्हणाली, “आजी, निकाह लागला तेव्हा ती केवढी होती?”

भाभींनी माझ्याकडे बघितलं. “असंल की मोठी,” त्या म्हणाल्या. मग मोबाइल हातात घेऊन भाग मागे सरकवू लागल्या, कुणी कुठे वय बोललंय का ते बघायला. तेवढ्यात मगरिबची बांग झाली. मोबाइल उपडा ठेवून त्यांनी आधी नातीच्या हातावर खजूर ठेवला.