स्थलांतराचा अपुरा ताळेबंद

परदेशगमनाचा विचार आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होतो. शासनाच्या दृष्टीने तो परकीय चलनाचा प्रश्न असतो आणि कुटुंबाच्या दृष्टीने मासिक प्राप्तीचा. तेथील वेतनातून येथील वेतन वजा करावे, प्रवासखर्च व दलालाची दलाली मांडावी आणि शिल्लक भरघोस दिसली की पारपत्रासाठी अर्ज करावा, असा हा सरळ हिशेब आहे. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तकेही स्थलांतराची मीमांसा मुख्यतः वेतनातील तफावतीच्या आधारेच करतात. ही मीमांसा चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती अपुरी आहे. देश सोडणारा मनुष्य एक रोजगार सोडून दुसरा धरतो, एवढ्यावर ते प्रकरण संपत नाही. आपण कोण हे जेथे कोणाला सांगावे लागत नव्हते असा समाज सोडून, ते जेथे पदोपदी सिद्ध करावे लागते अशा समाजात तो पाऊल टाकतो. या दुसऱ्या खर्चाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, आणि परदेशातील निराशेचे मूळ बहुतेक वेळा त्या न झालेल्या नोंदीतच असते.

हा प्रश्न आज उपस्थित करण्याचे कारण उघड आहे. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि आरंभी दहा हजार तरुणांना तिकडे पाठविण्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान वसलेल्या खांबसारख्या गावातील तरुणालाही अशा वार्ता आता दूरच्या वाटत नाहीत. मुंबईची वाट या भागाने फार पूर्वीच मळवली. आखाताची वाट त्यानंतर पडली. तथापि पेण-रोहा-अलिबागच्या या पट्ट्याने परदेशगमनाचा एक असा प्रयोग पाहिला आहे, की ज्याचे धडे अभ्यासण्याची तसदी आपण क्वचितच घेतली. तो प्रयोग म्हणजे बेने इस्रायल समाजाचे इस्रायलला झालेले प्रयाण.

शनिवार तेल्यांची गोष्ट

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा यांचा जुना व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर ही त्यांची आडनावे म्हणजे या जिल्ह्याचा जणू नकाशाच होय. पुढे ही मंडळी कंपनी सरकारच्या पलटणीत आणि मुंबईच्या कचेऱ्यांत शिरली. पलटणीतील सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनालय उभारले. भाषा मराठी, स्त्रियांचा वेश मराठी, आणि बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तने करण्यापर्यंत त्यांची या मातीशी समरसता होती. धर्मासाठी त्यांचा येथे छळ झाल्याचा दाखला नाही. त्यांच्या प्रयाणाचे स्वरूप समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कारण युरोपातील ज्यू जीव वाचविण्यासाठी निघाले होते, तर रोह्याचा किंवा पेणचा ज्यू आपल्या धर्मग्रंथातील भूमी पाहण्यासाठी, स्वगृही जाण्याच्या भावनेने निघाला होता. ब्रिटिश गेल्यानंतर नोकऱ्यांचे काय होणार ही चिंता त्यात होती, नाही असे नाही. पण मुख्य ओढ श्रद्धेची होती.

1948 साली इस्रायलची स्थापना झाली आणि पुढील तीन-चार वर्षांत तेथील ज्यू लोकसंख्या दुपटीवर गेली. अन्नधान्यावर नियंत्रण, राहावयास तंबू व पत्र्याच्या खोल्या, आणि मिळेल ते अंगमेहनतीचे काम, अशी तेथील अवस्था होती. मुंबईत लेखणी चालविणाऱ्याच्या हाती तेथे फावडे आले. येथपर्यंतचे कष्ट नव्या राष्ट्राच्या उभारणीचे म्हणून सोसता आले असते, आणि अनेकांनी ते सोसलेही. असह्य झाली ती निराळीच गोष्ट. वर्णाने सावळे, भाषेने परके म्हणून आपल्याला काम, घर आणि शिधा यांत उणे लेखले जाते. गोऱ्यांना पांढरा पाव आणि आपल्याला काळा, अशी वागणूक मिळते, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. 1951 साली बीरशेबातील काही कुटुंबांनी तेल अवीव येथे ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे ठाण मांडले आणि आम्हांला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. अखेर 1952 साली शंभराहून अधिक मंडळी विमानाने मुंबईस परत आली.

परतीची वाट

परंतु हा शेवट नव्हे. परत आलेल्यांपैकी बहुतेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी खटपट केली आणि त्यांतील पुष्कळ जण गेलेही. वरवर पाहता हा चंचलपणा वाटेल. परंतु त्यात एक कठोर अर्थशास्त्रीय सत्य आहे. स्थलांतर करणाऱ्याची मूळ जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली नसते. मुंबईतील सोडलेली खोली दुसऱ्याने घेतलेली असते, सोडलेल्या नोकरीवर दुसरा बसलेला असतो, आणि विकलेल्या वस्तूंचा पैसा वाटेतच संपलेला असतो. जाण्याचे भाडे प्रत्येक जण हिशेबात धरतो; परतण्याची खरी किंमत मात्र परतल्यावरच कळते.

राहिले त्यांच्यापुढे आणखी एक परीक्षा वाढून ठेवली होती. 1962 साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने काढलेल्या आदेशान्वये बेने इस्रायल वधूवरांच्या विवाहापूर्वी त्यांच्या मातृवंशाची अनेक पिढ्या मागेपर्यंत चौकशी होऊ लागली. ज्या धर्मापायी देश सोडला त्याच धर्माच्या दारात कुळाचा दाखला मागितला गेला. 1964 च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्याच वर्षी 17 ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर धर्मपीठाला आदेशातून या समाजाचे नाव वगळावे लागले.

येथे आपल्या बाजूने फुशारकी मारण्याचे कारण नाही. कुळाची चाळणी या मंडळींना इकडेही अपरिचित नव्हती. खुद्द त्यांच्यात ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद होता आणि दोहोंत बेटीव्यवहार होत नसे. मुंबईचे धनाढ्य बगदादी ज्यू तर साऱ्याच बेने इस्रायलांना खालचे लेखीत. गावगाड्यातही तेल्याची पायरी ठरलेलीच होती. फरक एवढाच, की कोकणातील ही पायरी परिचयाची होती आणि शेजारधर्माने तिची धार बोथट झाली होती. नव्या भूमीत मात्र समतेचे वचन देऊन नंतर पायरी दाखविण्यात आली. वचनच दिले नसते, तर एवढा अपेक्षाभंग झाला नसता.

अपेक्षेचे अर्थशास्त्र

आखाताशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. 1973 साली खनिज तेलाचे भाव भडकल्यानंतर कोकणातून हजारो लोक तिकडे गेले. मालकाच्या जामिनकीवर राहण्याचा परवाना, कुटुंबापासून वर्षानुवर्षांचा वियोग आणि उन्हातील कष्ट हे सारे त्यांनी भोगले. परंतु आखाताने नागरिकत्वाचे आमिष त्यांना कधी दाखविले नव्हते. त्यामुळे तेथील निराशा ही बुडालेल्या वेतनाची किंवा फसव्या दलालाची असते; ती तीव्र असली तरी मोजता येते. आपले म्हणून बोलावलेल्या मनुष्याला परका ठरविले गेले, तर त्या निराशेला माप नसते.

म्हणूनच आज तरुणांना परदेशी धाडू पाहणाऱ्या शासनाने आणि पालकांनी तीन प्रश्नांची उत्तरे आधी मागावीत. येथे मिळविलेल्या पात्रतेला तेथे पूर्ण मान्यता मिळणार की तंत्रज्ञ म्हणून गेलेला मुलगा मदतनीस म्हणून राबणार? तेथे तो ठराविक मुदतीचा कामकरी राहणार की पुढे-मागे बरोबरीचा नागरिक होऊ शकणार? आणि काही कारणाने परतावे लागले तर त्याच्या तिकिटाची, त्याच्या कर्जाची आणि येथील रोजगाराची तरतूद काय? भाषेचे वर्ग काढणे आवश्यकच आहे. परंतु जर्मन शिकविणाऱ्या वर्गात या प्रश्नांनाही एक तास मिळाला पाहिजे.

कोणी जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. बेने इस्रायल समाज अखेर तेथे स्थिरावला. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या शहरांत तो रुजला. मराठी तेथे घरोघर बोलली गेली, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा आजही केला जातो. आज त्यांची तेथील संख्या महाराष्ट्रात उरलेल्यांच्या कित्येक पट आहे. परंतु हे स्थैर्य त्यांना कोणी दिलेले नाही. पंधरा वर्षांच्या अवहेलनेनंतर आणि दोन धरण्यांनंतर त्यांनी ते मिळविले. पुढच्या पिढीला तेच मोल पुन्हा मोजावे लागू नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे. त्यासाठी वेतनाच्या आकड्याखाली प्रतिष्ठेचा आणि परतीचा असे दोन रकाने अधिक आखावे लागतील.